ट्यूब हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय: कानापासून भिंतीपर्यंत

ट्यूबचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घरी बनवायचा म्हटलं की चर्चा रंगते ती ट्यूब कुठली, कपॅसिटर कुठले, आवाज कसा यावर. पॉवर सप्लाय मात्र आकृतीच्या कोपऱ्यात एका चौकोनात उरकलेला असतो. जीव घेण्याची ताकद असलेला भाग तोच. शिवाय स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि हेडफोन डोक्यावर. सप्लायमधले दोन-अडीचशे व्होल्ट आणि ऐकणाऱ्याचे कान यांच्यामध्ये पुष्कळदा एकच कपॅसिटर असतो.

म्हणून रचना करताना प्रत्येक भागाला एक प्रश्न विचारायचा: हा गेला तर व्होल्टेज कुठे जाईल? उत्तर "अर्थिंगकडे, आणि फ्यूज उडेल" असं आलं तर पुढे जा. "चॅसीवर" (म्हणजे धातूच्या डब्यावर) किंवा "हेडफोनवर" असं आलं तर तिथेच थांबून रचना बदला. खाली जे काही आहे ते या एका प्रश्नाभोवतीच आहे. तुम्हाला सोल्डरिंग येतं, ओहमचा नियम माहीत आहे आणि कमी व्होल्टेजची दोन-चार सर्किटं तुम्ही चालवली आहेत, एवढं मी गृहीत धरतो. तेवढं झालं नसेल तर आधी ते करा. मेन्सवर, म्हणजे भिंतीतल्या विजेवर, शिकायला सुरुवात करू नये.

आधी ठरवा: जास्त व्होल्टेज हवंच आहे का?

पहिलाच प्रयोग असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हायब्रिड, म्हणजे ट्यूब आणि ट्रान्झिस्टर मिळून चालणारा, बनवा. ईसीसी८२, म्हणजेच १२एयू७, ही ट्यूब २४ किंवा ४८ व्होल्टवरही काम करते. तिथे ती फक्त व्होल्टेज वाढवते आणि हेडफोनला लागणारा करंट पुढचा मॉसफेट किंवा ट्रान्झिस्टर देतो. सप्लाय म्हणून चांगल्या कंपनीचा, सुरक्षा प्रमाणपत्र असलेला बंद अ‍ॅडॅप्टर घेतला की मेन्सची सगळी डोकेदुखी त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद राहते. ६० व्होल्ट डीसीपर्यंतचं व्होल्टेज कोरड्या हाताला साधारणपणे सुरक्षित मानलं जातं, आणि आपण त्याच्या आतच असतो.

एक फसवी पायवाट मात्र आहे. १२ व्होल्ट घेऊन २०० व्होल्ट देणारे छोटे बूस्ट मॉड्यूल मिळतात. अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्टचा म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पलीकडच्या कपॅसिटरवर बोट ठेवतो. असं मॉड्यूल वापरणार असाल तर खालचे बहुतेक नियम तुम्हालाही लागू आहेत.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला, निव्वळ ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर ३०० ओहमच्या हेडफोनसाठी छान जमतो. ३२ ओहमच्या हेडफोनशी त्याचं फारसं पटत नाही. तुमचे हेडफोन कमी ओहमचे असतील तर जास्त व्होल्टेजचा खटाटोप करण्याआधी हे लक्षात घ्या.

तरीही पूर्ण ट्यूबचाच हवा असेल तर पुढे वाचा. उदाहरणासाठी चार ईसीसी८२ धरू. प्लेटच्या सप्लायला, म्हणजे एचटीला (हाय टेन्शन), साधारण २१० व्होल्ट आणि ४० मिलिअँपिअर लागतील. हीटरसाठी, म्हणजे ट्यूबच्या आतल्या तापणाऱ्या तारेसाठी, १२.६ व्होल्टला प्रत्येकी १५० मिलिअँपिअर, एकूण ०.६ अँपिअर.

भिंतीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत

मेन्सची वायर थेट डब्यात घालून गाठ मारू नका. तीन पिनांचं, फ्यूजची जागा असलेलं सॉकेट डब्याच्या मागच्या बाजूला बसवा. फेज आधी फ्यूजमध्ये, मग स्विचमध्ये, मग ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या, कारण प्लग उलटा बसू शकतो किंवा भिंतीतलंच वायरिंग उलटं असू शकतं. या भागातला प्रत्येक जोड आधी यांत्रिकरीत्या पक्का करायचा, म्हणजे वायर टॅगमधून ओवून वळवायची, मग सोल्डर आणि वरून स्लीव्ह. सोल्डर वितळलं तरी वायर निसटून चॅसीला लागता कामा नये.

अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर सॉकेटपासून सरळ चॅसीला, रिंग टॅग लावून, स्वतंत्र बोल्टवर. रंग खरवडून उघडा धातू काढा, दातेरी वॉशर घाला, नट कसा आणि वर दुसरा नट. हा बोल्ट ट्रान्सफॉर्मर बसवायला किंवा दुसरं काही धरायला वापरू नका. उद्या कोणी ट्रान्सफॉर्मर बदलायला तो सैल केला की अर्थिंगही गेलं. ही वायर बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेलीच तर ती शेवटी तुटेल.

हम (सततचा गुणगुणाट) येतो म्हणून अर्थिंग काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुठे ना कुठे ऐकायला मिळेलच. तो मानू नका. हम ग्राउंड लूपचा, म्हणजे ग्राउंडच्या दोन वाटांमुळे बनलेल्या वेढ्याचा, असेल तर सिग्नल ग्राउंड आणि चॅसी यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याला समांतर एकमेकांना उलटे असे दोन दणकट डायोड लावा. २५-३५ अँपिअरचा ब्रिज (एसीचं डीसी करणारा चार डायोडांचा भाग) त्यासाठी सोयीचा पडतो. छोटा लूप करंट रेझिस्टरमुळे अडतो, मोठा फॉल्ट करंट डायोडमधून वाहतो आणि फ्यूज उडतो. चॅसीचं अर्थिंग मात्र थेटच राहतं.

मेन्सवर कपॅसिटर लावायचाच असेल तर फेज-न्यूट्रलमध्ये एक्स२ वर्गाचा आणि अर्थिंगकडे जाणारा वाय वर्गाचाच. खराब होताना शॉर्ट होऊन आग लागू नये अशा कसोट्या फक्त याच प्रकारांवर झालेल्या असतात. साधा ६३० व्होल्टचा कपॅसिटर इथे चालत नाही.

ट्रान्सफॉर्मरला पर्याय नाही. मेन्स थेट ब्रिजमध्ये घालून २३० व्होल्टच्या घरात ३२५ व्होल्ट डीसी मिळवता येतं हे गणिताने बरोबर आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरविना रेडिओंमध्ये असंच असायचं आणि त्यांची चॅसी प्लगच्या दिशेनुसार जिवंत व्हायची. हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा विचारही नको. ऑटोट्रान्सफॉर्मर आणि व्हेरिअ‍ॅक हे सर्किटला मेन्सपासून वेगळं करत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आता ट्रान्सफॉर्मरचा आकार. ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर वाइंडिंगमधला आरएमएस करंट डीसी करंटच्या साधारण १.८ पट होतो, कारण करंट छोट्या टोकदार झटक्यांत येतो. नवखे हमखास चुकतात ते इथे. एचटीसाठी ब्लीडरसह (कपॅसिटर रिकामे करणारे रेझिस्टर, पुढे येतील) ४५ मिलिअँपिअर धरले तर वाइंडिंग १८० व्होल्ट, ८१ मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे १५ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). हीटरसाठी १५ व्होल्ट, १.०८ अँपिअर, म्हणजे सुमारे १६ व्हीए. बेरीज ३१, म्हणून ५० व्हीएचा घ्या. थंड राहील.

मेन्समधून येणारा करंट २३० व्होल्टला ०.१४ अँपिअरच्या आसपास, तेव्हा फ्यूज ३१५ मिलिअँपिअर. १२० व्होल्टच्या देशात करंट दुप्पट होतो, तिथे ६३० मिलिअँपिअर. फ्यूज टाइम-लॅग प्रकारचा, म्हणजे अंगावर 'टी' लिहिलेला, कारण टोरॉइड (गोल कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) सुरू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतो. टोरॉइडच्या मधल्या बोल्टचं वरचं टोक डब्याच्या झाकणाला टेकू देऊ नका. बोल्ट आणि डबा मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती पकडून वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून एचटीचा शॉक त्याला कळेल असं नाही. तो फेज आणि न्यूट्रलमधला फरक मोजतो. तुमचा एक हात २५० व्होल्टवर आणि दुसरा चॅसीवर असला तर करंट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतच (आउटपुटच्या वाइंडिंगमध्येच) फिरतो आणि प्रायमरीकडे काहीच फरक दिसत नाही. फ्यूजलाही काही कळत नाही. हृदयाची लय बिघडवायला काही डझन मिलिअँपिअर पुरतात आणि आपला सप्लाय त्याहून कितीतरी जास्त देऊ शकतो. फ्यूज आग टाळतो. माणसाला वाचवायचं काम बंद डब्याचं, ब्लीडरचं आणि तुमच्या सवयींचं.

एचटी: आकडे मांडूया

१८० व्होल्टला १.४१४ ने गुणलं की शिखर २५४ व्होल्ट. पूर्ण लोडवर सुमारे २५० धरा. पण कपॅसिटर निवडताना हा आकडा बघायचा नाही. मेन्स १० टक्के वर गेले, ट्यूब थंड आहेत किंवा सॉकेटमध्येच नाहीत आणि लोड नसल्यामुळे छोटा ट्रान्सफॉर्मर १५ टक्के जास्त देतोय: २५४ × १.१ × १.१५, म्हणजे ३२० च्या वर. म्हणून कपॅसिटर ४०० व्होल्टचे. ३५० चे लावले तरी चालतील, पण इतक्या जवळून जायचं कशाला? डायोड १०००  व्होल्टचे, यूएफ४००७ किंवा साधे १एन४००७.

एचटीचा फ्यूज, १६० मिलिअँपिअर टाइम-लॅग, ब्रिजच्या आधी एसी बाजूला लावा. डीसीमध्ये ठिणगी विझत नाही, एसीमध्ये दर अर्ध्या आवर्तनाला शून्य येतं. फ्यूजवर लिहिलेला २५० व्होल्ट हा आकडाही बहुधा एसीचाच असतो.

पहिला कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड. ५० हर्ट्झच्या मेन्सवर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, १०० हर्ट्झचा, ४० मिलिअँपिअरला जास्तीत जास्त ४ व्होल्टच्या आसपास. हेडफोनमध्ये तो भुंग्यासारखा ऐकू येईल. पुढे ४७० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड अशी जोडी लावा. १०० हर्ट्झला या कपॅसिटरचा अडथळा १६ ओहम, म्हणजे रिपल तिसाव्या हिश्शावर येतो. तशीच दुसरी जोडी लावली की चार-पाच मिलिव्होल्ट उरतात. प्रत्येक रेझिस्टरवर १९ व्होल्ट पडतात, तेव्हा शेवटी २१० च्या जवळपास मिळतं. हवं होतं तेवढंच.

या रेझिस्टरांत कायमची उष्णता पाऊण वॉट आहे. तरी ते ५ वॉटचे वायरवाउंड घ्या. चालू करताच पुढचा कपॅसिटर रिकामा असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी ४७० ओहमवर पूर्ण २५० व्होल्ट पडतात, म्हणजे १३० वॉटच्या वर. वायरवाउंड हा झटका पचवतो. छोटा फिल्म रेझिस्टर काही दिवस पचवतो आणि मग आतून तुटतो.

रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, लावावा का? पहिल्या सप्लायला लावू नका. जास्त व्होल्टेजचे मॉसफेट रेग्युलेटर उत्तम चालतात, पण बिघडले की शॉर्ट होतात आणि शोधाशोध करताना तुमचा हात एचटीच्या आसपासच फिरत राहतो.

ब्लीडर

तीन कपॅसिटर मिळून ३०० मायक्रोफॅरड. ३२० व्होल्टला त्यात १५ ज्यूल साठतात, आणि प्लग काढल्यावर ते आपोआप कुठेही जात नाहीत. ट्यूब तापलेल्या असतील तर त्या काही अंश खाऊन टाकतील, पण ट्यूब नसतील किंवा हीटरचा सप्लाय गेला असेल तर डबा तासन् तास भरलेला राहू शकतो.

उपाय स्वस्त आहे: १०० किलोओहमचे ३ वॉटचे दोन रेझिस्टर, एक पहिल्या कपॅसिटरवर, एक शेवटच्यावर, कायमचे जोडलेले. दोन मिळून ५० किलोओहम, टाइम कॉन्स्टंट १५ सेकंद. ३२० वरून ५० व्होल्टच्या खाली यायला अर्ध्या मिनिटाच्या आत, १० च्या खाली यायला सुमारे ५२ सेकंद. एक तुटला तर दुसरा आहेच, फक्त वेळ दुप्पट लागेल. रेझिस्टर निवडताना वॉटसोबत त्याची व्होल्टेज मर्यादाही बघा. पाव वॉटचे नेहमीचे रेझिस्टर बहुतेकदा २५० व्होल्टपर्यंतचेच असतात.

एचटी आहे हे दाखवणारा एलईडी जरूर लावा, पण तो ब्लीडरच्याच मालिकेत बसवू नका. एलईडी गेला की ब्लीडरही गेला, आणि वर विझलेला दिवा बघून तुम्हाला वाटणार सगळं रिकामं आहे.

हीटर

१५ व्होल्ट एसी, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा कपॅसिटर, मग ७८१२ रेग्युलेटर. त्याच्या ग्राउंडच्या पायात एक साधा डायोड सरळ दिशेने घातला की १२ चे सुमारे १२.६ होतात. रेग्युलेटरवर चार वॉट उष्णता पडेल, मेन्स वर गेले की आणखी. हीटसिंक लागेलच. १२ व्होल्टचं वाइंडिंग घेऊन उष्णता वाचवायचा मोह टाळा, मेन्स थोडे उतरले की रेग्युलेटरला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

आउटपुटची ट्यूब कॅथोड फॉलोअर, म्हणजे कॅथोडवरून आउटपुट देणारी, असेल तर तिचा कॅथोड १०० व्होल्ट किंवा जास्तवर असतो. हीटर शून्यावर ठेवला तर दोघांमधलं पातळ इन्सुलेशन ते सगळं सोसतं. ईसीसी८२ साठी ही मर्यादा १८०-२०० व्होल्टच्या घरात आहे, पण मर्यादेला चिकटून राहण्यात अर्थ नाही. एचटीच्या शेवटच्या टोकापासून २२० किलोओहम आणि ६८ किलोओहमचा विभाजक करा, मधल्या बिंदूवर ५० व्होल्ट मिळतील. तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा. हीटर सप्लायचं ऋण टोक ग्राउंडऐवजी या बिंदूला जोडा.

आता तोच जुना प्रश्न. ७८१२ चं धातूचं पान त्याच्या मधल्या पायाला जोडलेलं असतं, म्हणजे तेही ५० व्होल्टवर. ते चॅसीला उघडं लावलं तर सगळी योजना फसते. अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पॅड आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुशिंग लागेलच. बसवल्यावर मीटरने तपासा.

आणि आता कान

कॅथोड फॉलोअरपासून हेडफोनपर्यंत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. त्यावर नेहमी १०० व्होल्ट पडतात म्हणून १६० चा लावलेला अनेक आकृत्यांत दिसतो. ट्यूबमध्ये प्लेट-कॅथोड शॉर्ट झाला तर त्याच्यावर पूर्ण एचटी येईल. म्हणून तोही ४०० व्होल्टचाच.

त्याच्या हेडफोनकडच्या टोकापासून ग्राउंडला २.२ किलोओहम कायमचा लावा. हा नसेल तर हेडफोन काढलेला असताना ते टोक हळूहळू कॅथोडच्या व्होल्टेजवर चढतं आणि पुढच्या वेळी जॅक घालताना सगळा साठा कानात रिकामा होतो.

यापुढे रिले. ट्यूब तापताना कॅथोड शून्यावरून १०० व्होल्टवर चढताना कपॅसिटरचा भरण्याचा करंट हेडफोनमधून जातो. बंद करतानाही काहीबाही होतं. रिले हेडफोनच्या मार्गात, नॉर्मली ओपन संपर्कावर ठेवा, म्हणजे रिलेला वीज नसेल तेव्हा हेडफोन सुटलेला राहील. चालू केल्यावर ४५ ते ६० सेकंदांनी तो जोडू द्या आणि मेन्स जाताच लगेच सुटू द्या. आउटपुटवर एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसलं की रिले सोडणारं सर्किट त्यातच जोडता येतं. आउटपुट कपॅसिटर शॉर्ट झाला तर हेडफोन आणि डोकं वाचवणारी तीच गोष्ट आहे, कारण हेडफोनच्या वायरचं इन्सुलेशन काही व्होल्टच्या हिशेबाने केलेलं असतं. हे सर्किट ऐच्छिक समजू नका. जॅकची ग्राउंडची पिन जाड वायरने ऑडिओ ग्राउंडला जोडा. तिचा जोड सुटला तर हेडफोन ग्राउंडविना तरंगत राहतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेली रचना महाग आणि जड, पण या बाबतीत निवांत. एचटी आणि कान यांच्यामध्ये धातूचा संबंधच उरत नाही. सेकंडरीचं एक टोक तेवढं ग्राउंड करा.

पहिल्यांदा चालू करताना

प्लग न लावता मीटरने सुरुवात. अर्थिंगच्या पिनपासून डब्याच्या प्रत्येक उघड्या धातूपर्यंत, व्हॉल्यूमच्या दांड्यासह, जवळपास शून्य ओहम. स्विच चालू स्थितीत ठेवून फेज आणि न्यूट्रलपासून चॅसीपर्यंत कसलाही जोड दिसायला नको. मीटर आणि त्याच्या वायरी ६०० व्होल्ट, कॅट थ्री दर्जाच्या असाव्यात.

मग फेजच्या मालिकेत ४० ते ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावा, एलईडीचा नाही. प्रथम फक्त ट्रान्सफॉर्मर. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत जळत राहिला तर बंद करून शॉर्ट शोधा. त्यानंतर हीटर सप्लाय जोडून व्होल्टेज मोजा. मग ट्यूब न लावता एचटी. मीटरची काळी क्लिप वीज बंद असतानाच ग्राउंडला अडकवा आणि लाल प्रोब एका हाताने टेकवा, दुसरा हात खिशात. बंद करून घड्याळ लावा: अर्ध्या मिनिटात ५० च्या खाली आलं नाही तर ब्लीडर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आत हात घालायचा झाला की प्रत्येक वेळी प्लग काढा, थांबा, मोजा. शिल्लक असेल तर १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांमध्ये बसवून त्याने रिकामं करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केल्यावर स्फोटासारखा आवाज येतो, कपॅसिटरचे पाय जळतात आणि डोळ्यांत धातू उडतो. रिकामा केलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थोड्या वेळाने पुन्हा काही व्होल्ट दाखवतो. तो त्याचा स्वभाव आहे, म्हणून स्पर्श करण्याआधी पुन्हा मोजा.

शेवटी ट्यूब लावा. हेडफोनच्या जागी ३०० ओहमचा रेझिस्टर जोडून चालू करताना, तापल्यावर आणि बंद करताना त्यावरचं डीसी बघा. स्थिर झाल्यावर काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. मग बल्ब काढा, झाकण लावून तासभर चालू द्या, बंद करून प्लग काढल्यावर ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि ४७० ओहमच्या रेझिस्टरांचा रंग तपासा. पहिलं गाणं जुन्या, गेले तरी चालतील अशा हेडफोनवर ऐका. चांगले हेडफोन त्याच्यानंतर.